बॅटरी वाचवणारा भाऊ

मंडळी, बसा. जरा पुढं सरकून बसा, मागच्यांना जागा होऊ द्या. पेटीवाले, हात थांबवा — आता गाणं नाही, आता गोष्ट.

पण गोष्टीच्या आधी एक प्रश्न. आपल्या घरात कुणीतरी अंथरुणाला खिळलेलं असतं. कुणाची आई असते, कुणाचा सासरा असतो. आपण त्यांना भरवतो, पुसतो, कूस बदलतो, रात्र-रात्र जागतो. मोठं काम आहे, त्याबद्दल मी हात जोडतो. पण मला सांगा — ज्याची आपण सेवा करतो, त्याच्या तोंडावर हात ठेवायचा हक्क आपल्याला मिळतो का?

लगेच माना हलवू नका! 'छे, बुवा, असं कोण करतं?' — करतात. चांगली माणसं करतात. मायेनं करतात. आणि एकदा हात ठेवला ना, मंडळी, की तो काढायला फार जड होतो. किती जड, ते आज ऐका.

आज आपल्या आख्यानात राजा नाही, राणी नाही, राक्षस तर नाहीच नाही. आज आहे एक लॅपटॉप. — हसा, हसा! ते खांबाजवळचे आजोबा बघा कसे हसतायत. आजोबा, तुमच्या खिशातला मोबाईल संध्याकाळपर्यंत टिकतो का? नाही ना? मग झालं. ही गोष्ट तुम्हालाही कळणार.

घाटमाथ्यावर, आजऱ्याच्या अलीकडं, एक गाव आहे. गावाचं नाव सांगत नाही आणि माणसांची नावं बदलली आहेत, कारण त्यातली दोन माणसं अजून आहेत. त्या गावच्या एसटी स्टँडवर जनार्दन तारळेकर नावाचे कंट्रोलर होते. चौकशीच्या खिडकीत बसायचे आणि माईकवरून गाड्या पुकारायचे. आवाज कसा? भरलेला. 'गडहिंग्लजला जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागत आहे, प्रवाशांनी घाई करू नये' — हे शेवटचं वाक्य त्यांचं स्वतःचं. बायाबापड्या त्या आवाजाच्या भरवशावर पोरं घेऊन स्टँडवर निवांत बसायच्या. गाडी चुकायची नाही, कारण तारळेकर चुकू द्यायचे नाहीत.

घरात तीन माणसं. जनार्दन, त्यांची बायको कुमुद, आणि धाकटा भाऊ निवास. वडील लवकर गेले, तेव्हा निवास लहान होता. जनार्दननं त्याला वाढवलं, शिकवलं. जनार्दन-कुमुदला मूल झालं नाही. जे काही लाड करायचे ते निवासचेच झाले. निवास कॉम्प्युटर शिकला, तालुक्याच्या कॉलेजात लॅब सांभाळायला लागला. लग्न केलं नाही. दादाच्याच घरात माडीवरच्या खोलीत राहायचा.

आणि मग त्या घरात आजार आला. नसांचा आजार, मंडळी. आधी दादांच्या हातातून चहाचा कप पडला. मग पाय अडखळला. मग माईकवर बोलताना जीभ जड व्हायला लागली. लोक म्हणाले, तारळेकर पिऊन येतात की काय! कधी थेंब न घेतलेला माणूस — त्यानं हेही ऐकून घेतलं. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, ह्याला औषध नाही. सगळे स्नायू एकेक करून झोपणार. बुद्धी मात्र शेवटपर्यंत जागी राहणार.

विचार करा हो! आत सगळं लख्ख. भूक कळतेय, माशी बसलेली कळतेय, बायको रडतेय ते कळतंय. आणि बाहेर — काही नाही. ना हात, ना पाय, ना आवाज. हलतात ते फक्त डोळे.

सुरुवातीला कुमुदवहिनींनी एक रीत बसवली होती. त्या समोर बसून अक्षरं म्हणायच्या. 'कची ओळ, चची ओळ, टची ओळ…' हवी ती ओळ आली की दादा पापणी मिटायचे. मग त्या ओळीतली अक्षरं. मग काना, मात्रा. एक शब्द व्हायला इकडं भात शिजायचा. दादा थकून जायचे. एका दमात चार शब्दांवर कधी जमलं नाही.

मग निवासनं एक गोष्ट आणली. लॅपटॉपला जोडायचा एक कॅमेरा. पडद्यावर अक्षरं मांडलेली असतात. दादांनी ज्या अक्षराकडं टक लावून बघायचं, ते अक्षर कॅमेऱ्याला कळतं आणि उमटतं. वाक्य झालं की लॅपटॉप ते मोठ्यानं वाचतो. कोपऱ्यात एक घंटेचं चित्र. तिकडं बघितलं की घरभर बेल वाजते.

पहिल्या दिवशी दादांनी पहिलं वाक्य काय लिहिलं असेल? 'कुमुद, चहात साखर कमी पडते.' — आजार सुरू झाल्यापासून त्या बाईनं साखर कमीच केली होती, आणि नवरा बिचारा इतके महिने गप गिळत होता! त्या दिवशी ते घर हसलं, मंडळी. किती काळानं हसलं.

निवासनं दादांना आवाज परत दिला. हे त्याच्या नावावर आहे, आणि ते मी पुसणार नाही. पुढं जे सांगणार आहे ते ऐकतानाही हे विसरू नका.

आता अडचण कुठं आली? लाईट! घाटमाथ्याचं गाव, वारा सुटला की तारा तुटणार. लाईट गेली की गेली. घरात इन्व्हर्टर होता, पण जुना. दादांच्या अंगाखालची हवेची गादी आणि डोक्यावरचा पंखा ओढता-ओढताच त्याची दमछाक व्हायची. लॅपटॉपला स्वतःच्या बॅटरीवर जगावं लागे. आणि तो कॅमेरा वीज खायचा — बकाबका खायचा. लाईट जाऊन थोडा वेळ झाला की पडदा काळा. दादा मुके. लाईट येईपर्यंत मुके.

म्हणून निवासनं शोध घेतला. लॅपटॉपची वीज सांभाळणारी सॉफ्टवेअरं असतात. तुम्हाला सोपं करून सांगतो. घरात धान्य थोडं, खाणारी तोंडं फार. अशा वेळी कुणाला किती वाढायचं हे ठरवायला एक कारभारी नेमायचा. सॉफ्टवेअर म्हणजे तो कारभारी. निवासनं दोन निवडून काढले.

पहिला कारभारी साधा. पडद्याचा उजेड कमी करी, आतली फालतू कामं थांबवी, पण वापरातलं काही तोडत नसे. त्यानं बॅटरी थोडी वाढायची, फार नाही. दुसरा कारभारी कडक. तो म्हणायचा, जे जास्त खातं ते आधी तोडा. कळफलकाला किंवा माऊसला बराच वेळ कुणी हात लावला नाही, तर तो समजायचा की समोर माणूसच नाही. मग एकेक बंद करत जायचा. पण बॅटरी? सहा तास! पडद्यावर दिमाखात दाखवायचा — सहा तास शिल्लक.

निवासनं दादांना विचारलं. हो, पहिल्यांदा विचारलं होतं. पलंगाजवळ बसून दोन्ही समजावून सांगितले. दादांनी बराच वेळ अक्षरांकडं बघत वाक्य जुळवलं, आणि लॅपटॉप बोलला: "थोडा वेळ चालू दे. पण मध्येच तोडू नको."

निवास बरं म्हणाला आणि साधा कारभारी बसवला. गोष्ट इथंच संपायला हवी होती.

पण पुढच्या आठवड्यात वादळ झालं. दुपारभर, संध्याकाळभर लाईट नाही. बॅटरी संपली, आणि नेमकं त्याच दुपारी दादांच्या पाठीखाली चादरीची घडी रुतत होती. सांगता येईना. वहिनींनी अक्षरं म्हणून बघितली. त्यांना वाटलं पोटात दुखतंय, त्यांनी पोट चोळलं. निवास कॉलेजातून आला तेव्हा दादांच्या डोळ्यांतून पाणी कानात उतरत होतं. कूस बदलली तेव्हा पाठीवर लाल वळ. त्याच दिवशी, लाईट आल्यावर, दादांचा डोळा लागलेला असताना, त्यानं साधा कारभारी काढून टाकला आणि कडक बसवला.

का? मायेनं! भावाला सहा तास बोलता यावं म्हणून. त्यात पाप काय? — मंडळी, पाप एवढंच की विचारलं नाही. आणि का विचारलं नाही? कारण त्याला माहीत होतं, विचारलं तर दादा नको म्हणतील. आपण नेमकं कुणाला विचारत नाही, कधी बघितलंय? ज्याचं उत्तर आपल्याला नको असतं, त्याला.

त्या कडक कारभाऱ्यात एक गोष्ट होती. त्याला हात कळत होते. डोळे कळत नव्हते. दादा तासभर पडद्याकडं बघत एकेक अक्षर वेचत असले, तरी त्याच्या लेखी तिथं कुणी नव्हतं. आणि सगळ्यात जास्त खाणारं काय? कॅमेरा. म्हणून तो आधी कॅमेरा तोडायचा.

निवासनं हे वाचलं होतं का? वाचलं होतं. बंद पडायची वेळ आपण वाढवून घेऊ, बदलून घेऊ, असं म्हणून ते राहिलं. मध्ये एकदा लाईट गेल्यावर कॅमेरा बंद पडलाही. वहिनींनी हाक मारली, निवासनं येऊन कळफलकाला बोट लावलं, कॅमेरा परत सुरू झाला. तेव्हा दादांनी लिहिलं, "काय बदललंस?" निवास म्हणाला, काही नाही दादा, अपडेट आला होता. दादांनी त्याच्याकडं बघितलं. लहानपणापासून त्याचा चेहरा वाचणारा माणूस तो! पण पुढं काही लिहिलं नाही.

आणि मग तो दिवस आला.

कुमुदवहिनींच्या माहेरी लग्न होतं. भाचीचं. आजार आल्यापासून ही बाई घराचा उंबरा ओलांडून दळणापलीकडं गेली नव्हती. जायला तयार नव्हती. दादांनीच लिहिलं, 'जा. हिरवी साडी नेस.' निवासनं रजा काढली. मी आहे, वहिनी, तुम्ही निर्धास्त जा, असं त्यानं सांगितलं. दादांचं गिळणं अवघड झालं होतं. घशात कफ अडकायचा, मग मशीननं ओढून काढावा लागायचा. निवासला ते येत होतं. मशीनला स्वतःची बॅटरी होती. सगळं होतं.

दुपारी वारा सुटला आणि लाईट गेली. निवास दादांजवळच बसला होता. पडद्यावर बघितलं — सहा तास. त्याला बरं वाटलं. दादा शांत होते. इन्व्हर्टर कुरकुरत होता, म्हणून निवास मागच्या पडवीत गेला. आता त्यात पाणी घालू, तारा घासून घेऊ, बेल वाजली की येतोच. तारा घासता-घासता कॉलेजातून फोन आला, तोही घेतला. बेल काही वाजली नाही. म्हणजे दादा ठीक आहेत.

मंडळी, बेल वाजली नाही. म्हणजे दादा ठीक आहेत?

तो आत आला तेव्हा दादांचा चेहरा निळा झाला होता. डोळे उघडे, पडद्यावर लावलेले — त्या कोपऱ्यावर, जिथं घंटेचं चित्र असतं. आणि पडद्यावर एक पट्टी: 'बॅटरी वाचवण्यासाठी कॅमेरा बंद केला आहे.' खाली लिहिलेलं, अजून सहा तासांच्या जवळपास शिल्लक.

निवासनं मशीन लावलं. नळी दोनदा सुटली. कफ निघाला. श्वास परत आला, खरखरत, तुटत. शेजारच्यांनी डॉक्टरांना आणलं. डॉक्टर म्हणाले, जीव वाचला, पण घशातलं छातीत उतरलंय. आता ताप येईल. दवाखान्यात न्यायचं तर नळ्या घालाव्या लागतील, आणि त्या नळ्या नकोत असं पेशंटनं आधीच लिहून ठेवलंय. घरीच बघू.

संध्याकाळी वहिनी आल्या. हिरव्या साडीत. केसांत गजरा तसाच. दारातच त्यांना कळलं. आत आल्या, नवऱ्याच्या कपाळावर हात ठेवला, आणि एकच प्रश्न विचारला: "बेल वाजली नाही का, भावजी?"

इथं थांबा, मंडळी. हा क्षण बघा. ह्या क्षणी निवासला सगळं सांगता आलं असतं. तोंड उघडायचा अवकाश होता. दादा समोर होते, ऐकत होते. पण त्यानं वहिनींचा चेहरा बघितला, आणि जीभ दुसरीकडं वळली. तो म्हणाला, "कॅमेरा बिघडला होता."

वहिनींनी आपल्या साडीकडं बघितलं आणि म्हणाल्या, मी जायलाच नको होतं. निवासनं हेही ऐकलं. आणि गप्प राहिला.

पहिली चूक मायेची होती. ही दुसरी भीतीची. आता तिसरी ऐका — आणि ही सांगताना माझीही जीभ जड होते. लाईट आल्यावर वहिनी म्हणाल्या, कॅमेरा जोडून तर बघा, चालतोय का. निवास उभा राहिला. कॅमेरा चालणार होता! त्याला काहीच झालं नव्हतं. पण जोडला, की दादा बोलणार. आणि दादा पहिलं काय बोलणार? त्यांनी ती पट्टी वाचली होती.

निवासनं कॅमेरा काढला. कंपनीकडं दुरुस्तीला पाठवतो म्हणाला. रुमालात गुंडाळला, माडीवर नेला, आणि कपाटात स्वेटरांच्या मागं ठेवून दिला.

अहो, ज्या भावानं आवाज दिला, त्याच भावानं काढून घेतला. तोही कधी? शेवटच्या दिवसांत.

दादांना ताप चढला. उतरे, परत चढे. वहिनी पुन्हा अक्षरांवर आल्या. 'कची ओळ, चची ओळ…' निवास जिन्यात उभा राहून ऐकायचा. वहिनी 'तची ओळ' म्हणाल्या की तो एक पायरी वर सरकायचा; न त्याच ओळीतला. आता आपलं नाव येणार! पण मग वहिनी उठून पाणी आणायच्या, किंवा खिडकी लावायच्या. काहीतरी साधंच निघायचं. दादांना झेपत तरी किती होतं? अर्ध्या शब्दात डोळे मिटायचे.

निवासचं त्या खोलीत जाणं कमी झालं. औषधं आणायचा, डॉक्टरांना न्यायचा-आणायचा, धावपळ सगळी करायचा. कुणी बघितलं असतं तर म्हटलं असतं, भाऊ असावा तर असा. पण खोलीत गेला की दादा त्याच्याकडं बघायचे. डोळे हलवायचे नाहीत. निवासला वाटायचं, हे डोळे विचारतायत — तू काय केलंस? आणि तो काहीतरी निमित्त काढून बाहेर यायचा.

आणि वहिनी अधूनमधून विचारायच्या, भावजी, कॅमेऱ्याचं काही कळलं का? तो म्हणायचा, अजून नाही.

एकदा, सकाळची वेळ, वहिनी मागं कपडे वाळत घालत होत्या. निवास धीर करून आत गेला. पलंगाच्या पायथ्याशी बसला. दादांचं पाऊल हातात घेतलं — थंड, हलकं पाऊल. ह्याच पायांच्या मागं तो लहानपणी स्टँडवर जायचा. दादांनी डोळे उघडले आणि त्याच्याकडं बघितलं. त्या दिवशी डोळ्यांत ताप नव्हता. स्वच्छ होते.

"दादा," निवास म्हणाला. सांगायचं ठरवूनच आला होता तो! ओठावर होतं सगळं. दादा वाट बघत होते. आणि मग तो म्हणाला, "दादा, कॅमेरा येईल दोन दिवसांत."

दादांनी डोळे मिटले. झोप आली असेल, असं निवासला वाटलं. त्यानं पाऊल हलकेच पांघरुणात ठेवलं आणि तो माडीवर गेला.

ते डोळे त्यानंतर नीट असे उघडलेच नाहीत. छाती भरत गेली. पुढं एका सकाळी वहिनी तोंड पुसायला गेल्या, तेव्हा सगळं थांबलं होतं.

स्टँडवरचे ड्रायव्हर, कंडक्टर, सगळे आले. एक म्हातारी आली, कुणाच्या ओळखीची नव्हती. म्हणाली, ह्यांच्या आवाजावर मी माझ्या लेकीकडं जायचे. मी अडाणी, पाटी वाचता येत नाही. ती तेवढं बोलून गेली. निवास भिंतीला टेकून उभा होता.

दिवसकार्य झालं. पाहुणे गेले. घरात दोघंच उरली. वहिनी कोरडं बोलत नव्हत्या, पण जास्तही बोलत नव्हत्या. एका दुपारी त्या तांदूळ निवडत बसल्या होत्या, आणि म्हणाल्या की गडहिंग्लजला एक शिक्षिका आहेत, त्यांना हाच आजार झालाय, आता त्यांचीही वाचा गेली. "कॅमेरा कंपनीकडून आला की त्यांना देऊ या, भावजी. ह्यांचा आवाज होता तो. कुणाच्या तरी कामी येऊ दे."

आता निवासला किती सोपं होतं बघा. चार दिवस थांबायचं, आणि म्हणायचं, आला कॅमेरा! कुणाला कळणार होतं? ज्याला कळलं असतं तो गेला. पण मंडळी, कधीकधी माणसाला खोटं बोलायचाही कंटाळा येतो. पोटातलं ओझं एवढं होतं, की ते ठेवायला जागाच उरत नाही. निवास उठला. माडीवर गेला. स्वेटरांच्या मागून तो रुमाल काढला, खाली आणला, आणि तांदळाच्या ताटाशेजारी ठेवला.

आणि सांगितलं. सगळं. दादांनी नको म्हटलेलं सॉफ्टवेअर त्यांना न विचारता बसवलं ते. अपडेटची थाप मारली ती. ती पट्टी, ती न वाजलेली बेल. आणि कॅमेरा कुठंच गेला नव्हता, ते. सांगताना वर बघितलं नाही. वहिनींचा तांदळातला हात तांदळातच राहिला.

मग त्या म्हणाल्या, "सॉफ्टवेअरचं मला माहीत होतं."

निवासनं मान वर केली.

त्या सांगायला लागल्या. लग्नाहून आल्या त्याच संध्याकाळी, निवास औषधं आणायला तालुक्याला गेलेला असताना, त्या रडत बसल्या होत्या. मी गेले म्हणून असं झालं, असं म्हणत होत्या. दादांनी डोळ्यांनी खूण केली, अक्षरं म्हण. अंगात त्राण नव्हतं, तरी त्यांनी जुळवलं. आधी आलं, 'तू नाही.' मग आलं, 'निवासने बदलले.' आणि मग, थांबत-थांबत, मध्ये दोनदा डोळे मिटून, शेवटचं — 'विचारू नको. तो सांगेल.'

"म्हणून मी विचारलं नाही," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही खोलीत आलात की ते तुमच्याकडं बघायचे. त्यांना वाटायचं, आज सांगेल. त्यांनी मनात काही धरलं नव्हतं, भावजी. तुम्ही सांगून मोकळे व्हावं, एवढंच त्यांना हवं होतं."

मंडळी! ते डोळे विचारत नव्हते, तू काय केलंस. ते म्हणत होते, बोल रे. तुझं तू बोल, म्हणजे तुला झोप लागेल. आणि निवास त्या डोळ्यांपासून पळत होता! ज्या गोष्टीची त्याला भीती होती, ती कधीच सांगून झाली होती, कधीच माफ होऊन गेली होती. आणि तो मात्र ती लपवायला भावाचा आवाज कपाटात कोंडून बसला होता.

निवास रडायला लागला. त्यानं वहिनींचे पाय धरायला हात पुढं केले. वहिनींनी पाय मागं घेतले. रागानं नाही, पण घेतले. त्यांनी तो रुमाल उघडला, कॅमेरा हातात घेतला, पदरानं पुसला. चांगला धडधाकट कॅमेरा. त्याच्याकडं बघत त्या म्हणाल्या:

"जे घडलं ते त्यांनी माफ केलं. पण हा वरच्या कपाटात होता, हे त्यांना माहीत नव्हतं. शेवटी त्यांना माझ्याशी काय काय बोलायचं असेल. ते मी कुणाला विचारू? आणि हे माफ कुणी करायचं? मला ते करता येत नाही, भावजी. मी करणार नाही असं नाही. मला येत नाही."

एवढं बोलून त्या उठल्या आणि तांदूळ धुवायला गेल्या. रात्री दोघांचं ताट वाढलं. पुढंही रोज वाढत राहिल्या. एकाच घरात राहतात दोघं. बोलतात, लाईटबिलाचं, पाहुण्यांचं, पावसापाण्याचं. पण ती एक गोष्ट मध्ये असते, आणि ती तिथून हलवणारा माणूस आता नाही.

निवास तो कॅमेरा घेऊन गडहिंग्लजला गेला. त्या शिक्षिकाबाईंच्या लॅपटॉपला त्यानं स्वतः जोडला. वीज सांभाळणारी दोन्ही सॉफ्टवेअरं त्यांना समजावून सांगितली, आणि कुठलं हवं ते विचारून खुर्चीत बसून राहिला. बाई नवख्या, एकेक अक्षराला वेळ लागत होता. त्यांचे यजमान म्हणाले, अहो, तुम्हीच ठरवा ना, तुम्हाला कळतं त्यातलं. निवास म्हणाला, नाही, त्या सांगतील. आणि बसून राहिला, त्यांचं वाक्य पुरं होईपर्यंत.

म्हणून त्याचं फिटलं का? — तुम्ही 'हो' म्हणावं असं तुम्हाला वाटतंय. मला दिसतंय तुमच्या तोंडावर. मलाही वाटतं. पण मी इथं उभा राहून ती खोटी पावती फाडणार नाही. नाही फिटलं. एखाद्याच्या वाटचं बोलणं तुम्ही अडवून ठेवलंत आणि तो निघून गेला, तर ते जगात कुठंच फिटत नाही. देवाच्या दारी काय होतं, ते देव जाणे. इथं तरी नाही.

आता निवासला सोडा. तुमच्याकडं येतो.

आईला ऐकू कमी येतं, म्हणून तिच्यासमोर तिच्याबद्दल 'ती' म्हणून कोण बोलतं? वडिलांचा फोन कुणी काढून घेतलाय — 'त्यांना काय करायचाय, उगाच कुणालाही लावतात'? दवाखान्यात डॉक्टर विचारतात, काय होतंय आजी, आणि आजी तोंड उघडायच्या आत उत्तर कोण देतं? सून काही बोलायला लागली की, तू राहू दे, तुला त्यातलं कळत नाही, असं कोण म्हणतं? त्यांच्या भल्यासाठीच म्हणता, हो ना? त्यांचा त्रास वाचावा म्हणून. निवासनंही वाचवलंच होतं.

आणि दुसरं. पोटात काही दाबून ठेवलं असेल — कुणाचं काही बिघडवलं असेल, कुणाला न विचारता काही केलं असेल, आणि तो माणूस अजून त्याच छताखाली असेल — तर तो तुमच्याकडं बघतो ना, त्या नजरेला भिऊन पळू नका. काय सांगावं, तुम्ही पळताय ती नजर कदाचित तुमचीच वाट बघत असेल. आज इथून घरी गेलात की चप्पल काढा, हातपाय धुवा, आणि त्या माणसाजवळ जाऊन बसा. देवाचं नाव इथं मोठ्यानं घ्यायला सोपं असतं, टाळ असतात, साथ असते. तिथं साथ नसते. तिथं एकट्यानंच तोंड उघडायचं असतं.

पेटीवाले, आता सूर धरा. मंडळी, ज्याच्यापाशी सगळ्यांचं न बोललेलंही पोचतं, त्याचं नाव घेऊ. आणि मग मुकाट घरी जाऊ. कुणीतरी थांबलेलं असेल.